एकोणिसाव्या शतकातले स्विस सार्वमत: मोजायचे बहुमत नेमके कोणाचे?

प्रश्न असा विचारला गेला आहे: एकोणिसाव्या शतकात एखाद्या संघराज्यात संपूर्ण देशाचे सार्वमत घेतले जाई तेव्हा ते प्रत्यक्षात कसे चालत असे, घटक राज्यांच्या मताला त्यात काय स्थान होते, आणि अशा सार्वमतांमुळे सुधारणा पुढे गेल्या की अडून राहिल्या? तौलनिक राज्यघटना हा विषय मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी क्षेत्र आखून घेऊ. एकोणिसाव्या शतकात संघराज्ये मोजकीच होती, आणि त्यांपैकी बहुतेकांनी राष्ट्रीय सार्वमताला जागाच दिली नव्हती. अमेरिकेत संपूर्ण देशाचे सार्वमत तेव्हा झाले नाही आणि आजवरही झालेले नाही. जर्मन साम्राज्याच्या राज्यघटनेतही त्याची तरतूद नव्हती. कॅनडात १८९८ मध्ये एक मतदान झाले, त्याकडे शेवटी येईन. नियमाने, वारंवार आणि बंधनकारक निकालासह राष्ट्रीय सार्वमत घेणारे संघराज्य त्या शतकात एकच होते, ते म्हणजे स्वित्झर्लंड. त्यामुळे हे उत्तर मुख्यतः त्याच देशाबद्दल आहे.

एक शब्दभेदही सांगून ठेवतो. मराठीत आपण सार्वमत, जनमत कौल, लोकनिर्णय हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे यावर मतदान झाले, त्याला आपण जनमत कौल म्हणतो. तिथे प्रश्न सरकारने ठरवला, वेळ सरकारने ठरवली, आणि लोकांनी फक्त उत्तर दिले. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनने घेतलेली मतदाने याच वरून विचारलेल्या प्रश्नांच्या जातीची होती, अर्थात हेतू अगदी निराळा. स्वित्झर्लंडमध्ये १८७४ नंतर जे रुजले ते याच्या उलट होते: संसदेने केलेला कायदा नागरिक सह्या गोळा करून मतपेटीपुढे ओढून आणत, आणि सरकारला तो कधी व कोणता हे ठरवता येत नसे. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर पुढचे काहीच नीट उलगडत नाही.

स्विस सार्वमत म्हणजे डोंगरदऱ्यांतल्या प्राचीन ग्रामसभांचा थेट वारसा, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. उरी, ग्लारुस, आपेन्झेल, उंटरवाल्डेन अशा लहान कॅन्टनांत (कॅन्टन म्हणजे स्वित्झर्लंडचे घटक राज्य) सगळे पुरुष नागरिक उघड्या मैदानात जमून हात वर करून निर्णय घेत, हे खरेच आहे. त्या सभेला लांड्सगेमाइंड म्हणत. परंतु राष्ट्रीय सार्वमताची मुळे त्या मैदानापेक्षा जुन्या संघसभेच्या कारभारात अधिक सापडतात. १८४८ पूर्वी कॅन्टनांचे प्रतिनिधी ज्या सभेत बसत, तिथे ते स्वतःच्या मनाने मत देऊ शकत नसत. सूचना नसलेला विषय आला की ते तो ‘आड रेफरेंडम’ घेत, म्हणजे आपल्या कॅन्टनला कळवून तिथले उत्तर आणण्यासाठी राखून ठेवत. रेफरेंडम हा शब्द राजकारणात आला तो असा, ‘विचारून सांगतो’ म्हणणाऱ्या प्रतिनिधींच्या तोंडून. तेव्हा विचारायचे होते ते कॅन्टनला. नागरिकाला विचारण्याची कल्पना नंतरची आहे.

नागरिकांना थेट विचारण्याचा पहिला राष्ट्रीय प्रयोग १८०२ चा, आणि तोही अशा काळातला की ज्यात स्वित्झर्लंड संघराज्य नव्हतेच. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याच्या छायेत हेल्व्हेटिक प्रजासत्ताक नावाचे एकात्म राज्य उभे केले गेले होते. त्याच्या नव्या राज्यघटनेवर मत घेतले तेव्हा ७२,४५३ जणांनी होकार दिला आणि ९२,४२३ जणांनी नकार. घटना तरीही मंजूर झाली, कारण मत न दिलेल्या १,६७,१७२ जणांचे मौन संमती म्हणून होकारात मिळवले गेले. वर्गात मी हे आकडे फळ्यावर लिहितो तेव्हा हशा पिकतो. पण या युक्तीची गाठ पुन्हा पडणार आहे, म्हणून आकडे लक्षात ठेवावेत. ती घटना वर्षभरही टिकली नाही. १८०३ मध्ये नेपोलियनने मध्यस्थी करून कॅन्टनांना त्यांची स्वायत्तता परत दिली.

खरे संघराज्य जन्मले ते १८४८ मध्ये, आणि ते युद्धातून जन्मले. ल्युसर्न, उरी, श्वित्स, उंटरवाल्डेन, त्सुग, फ्रिबूर आणि व्हाले या सात कॅथलिक कॅन्टनांनी झोंडरबुंड नावाची वेगळी युती केली होती. १८४७ च्या नोव्हेंबरमध्ये जनरल द्युफूर यांच्या नेतृत्वाखालच्या संघीय सैन्याने तिचा चार आठवड्यांच्या आत पराभव केला. मृतांची संख्या शंभराच्या आसपास राहिली, ही त्या युद्धाची मोठी मिळकत. जिंकलेल्या रॅडिकलांनी, म्हणजे मजबूत केंद्र मागणाऱ्या उदारमतवादी पक्षाने, लगेच नवी राज्यघटना लिहिली आणि ती कॅन्टनांपुढे ठेवली. प्रत्येक कॅन्टनने आपापल्या रीतीने निर्णय घ्यायचा होता. कुठे मतपेटी, कुठे लांड्सगेमाइंड, तर फ्रिबूरमध्ये लोकांना न विचारता तिथल्या विधिमंडळानेच मंजुरी दिली. ल्युसर्नमध्ये गैरहजर मतदार होकारात धरले गेले. १८०२ ची युक्ती इथे दुसऱ्यांदा कामाला आली. बावीसपैकी साडेपंधरा कॅन्टन बाजूने आणि साडेसहा विरोधात अशी बेरीज झाली आणि १२ सप्टेंबर १८४८ रोजी घटना स्वीकारल्याचे जाहीर झाले.

हे ‘साडे’ पाहून नवखा वाचक बुचकळ्यात पडतो. उंटरवाल्डेन, आपेन्झेल आणि बाझेल हे तीन कॅन्टन इतिहासात प्रत्येकी दोन भागांत वाटले गेले होते. कारभारात ते भाग स्वतंत्र असत. मोजणीत मात्र प्रत्येकाला अर्धे मत मिळे.

या घटनेने सार्वमताचे दोन नियम पक्के केले. पहिला, कोणतीही घटनादुरुस्ती लोकांच्या मताशिवाय अमलात येणार नाही. दुसरा, आणि संघराज्याच्या दृष्टीने कळीचा, तो दुहेरी बहुमताचा: देशभर मत देणाऱ्या नागरिकांचे बहुमत हवेच, शिवाय कॅन्टनांचेही बहुमत हवे. कॅन्टनचे मत वेगळे घेतले जात नसे. त्या कॅन्टनमधल्या मतदारांचा कल जिकडे, तिकडे कॅन्टनचे मत. एकच मतपत्रिका दोनदा मोजली जाई, एकदा नागरिकाची म्हणून आणि एकदा कॅन्टनच्या निकालातला वाटा म्हणून. बर्नसारख्या मोठ्या कॅन्टनला आणि काही हजार वस्तीच्या उरीला दुसऱ्या मोजणीत सारखेच वजन होते. पराभूत कॅथलिक कॅन्टन बहुतेक लहान होते, तेव्हा ही सवलत कोणाला मिळाली ते उघडच आहे. संख्येने ते कायम अल्पमतात राहणार होते, आणि त्यांना संघात नांदवायचे तर असे काही देणे भागच होते.

दुहेरी मोजणीचा पहिला दणका १४ जानेवारी १८६६ रोजी बसला. त्या दिवशी एकाच वेळी नऊ घटनादुरुस्त्या मतास टाकल्या गेल्या आणि एकच टिकली. वजनमापांच्या एकीकरणाची दुरुस्ती नागरिकांच्या मोजणीत थोडक्या फरकाने पास झाली, पण कॅन्टनांच्या मोजणीत साडेनऊ विरुद्ध साडेबारा अशी पडली. जनतेचा होकार आणि कॅन्टनांचा नकार अशी फारकत देशाने तेव्हा प्रथम पाहिली. टिकलेली दुरुस्ती होती ज्यूंना इतर नागरिकांप्रमाणे कुठेही वास्तव्य करण्याचा हक्क देणारी, तिला ५३.२ टक्के मते मिळाली. तिच्यामागे उदार विचारांइतकाच व्यापारही होता. १८६४ मध्ये फ्रान्सशी झालेल्या करारामुळे फ्रेंच ज्यूंना स्वित्झर्लंडमध्ये कुठेही राहण्याची मोकळीक मिळाली होती, आणि आरगाउमधल्या एंडिंगेन व लेंगनाउ या दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या स्वदेशी ज्यूंना ती नव्हती. हा विरोधाभास फार काळ चालवणे कठीण होते. पूर्ण धर्मस्वातंत्र्याची दुरुस्ती मात्र त्याच दिवशी पडली आणि त्यासाठी १८७४ उजाडावे लागले.

दरम्यान कॅन्टनांच्या पातळीवर वेगळेच वारे वाहत होते. सांक्ट गालेनने १८३१ मध्येच नागरिकांना कायद्यावर नकाराधिकार दिला होता. १८६० च्या दशकात झ्युरिकमध्ये आल्फ्रेड एशर आणि त्यांच्याभोवतीच्या रेल्वे-बँक मंडळींच्या सत्तेविरुद्ध जी चळवळ उठली, तिने १८६९ ची घटना आणली आणि कायदे लोकांच्या मतास टाकणे बंधनकारक केले. म्हणजे सार्वमताचा आग्रह एका बाजूने शहरी लोकशाहीवाद्यांचा होता आणि दुसऱ्या बाजूने ग्रामीण, कॅथलिक, केंद्राला बिचकणाऱ्यांचा. दोघांची कारणे परस्परविरोधी, मागणी एकच. राजकारणात अशा युती फार टिकत नाहीत, पण एखादी संस्था निर्माण करण्यापुरत्या त्या पुरतात.

१८७२ मध्ये रॅडिकलांनी घटना समूळ बदलण्याचा घाट घातला: एक कायदा, एक सैन्य. १२ मे १८७२ रोजी तो मसुदा सुमारे पाच हजार मतांनी पडला. पाच लाखांहून अधिक मते पडली असताना. कॅन्टनांत नऊ विरुद्ध तेरा. कॅथलिक तर विरोधात होतेच, पण या वेळी व्हो, जिनिव्हा, न्यूशातेल हे प्रॉटेस्टंट पण फ्रेंचभाषक कॅन्टनही त्यांच्यासोबत गेले, कारण जर्मनभाषक बहुसंख्याकांच्या हाती सगळा कायदा आणि सगळे सैन्य देणे त्यांना नको होते. दोन वर्षांत रॅडिकलांनी हिशेब बदलला. केंद्रीकरण सौम्य केले, फ्रेंचभाषक कॅन्टनांना वळवले, आणि पोपच्या सत्तेविरुद्धची कलमे अधिक कडक केली. १९ एप्रिल १८७४ रोजी ३,४०,१९९ विरुद्ध १,९८,०१३ मतांनी नवी घटना मंजूर झाली. झोंडरबुंडचे जुने कॅन्टन याही वेळी विरोधातच राहिले.

याच घटनेच्या ८९ व्या कलमात ते हत्यार होते, ज्याची धार त्याच्या निर्मात्यांना पुरती कळली नव्हती. संसदेने केलेला कोणताही कायदा, किंवा सर्वांवर बंधनकारक असा निर्णय, तीस हजार मतदारांनी अथवा आठ कॅन्टनांनी मागणी केल्यास सार्वमतास टाकायचा. मुदत नव्वद दिवसांची. इथे दुहेरी बहुमत नव्हते. साध्या कायद्याला फक्त नागरिकांचे बहुमत पुरे; दुहेरी मोजणी घटनादुरुस्तीपुरती. हा भेद पुष्कळ लिखाणात गाळला जातो आणि त्यातून गैरसमज होतात. संसदेसाठी एक पळवाटही ठेवली होती: निर्णय ‘तातडीचा’ ठरवला की त्यावर सार्वमत मागता येत नसे.

तीस हजार हा आकडा आज लहान वाटेल. १८८० च्या सुमारास देशाची लोकसंख्या साधारण अठ्ठावीस लाख होती आणि मतदार फक्त वीस वर्षांवरचे पुरुष, तेव्हा दर वीस मतदारांमागे एकाहून थोडी कमी सही लागे. सही स्वतःच्या हाताने करायची आणि सही करणारा खरोखर मतदार आहे हे गावच्या कारभाऱ्याने प्रमाणित करायचे. डोंगराळ कॅन्टनात हिवाळ्यात ही मोहीम चालवायची म्हणजे बर्फातून वाडीवाडीवर कागद फिरवणे आले. ज्या संघटनेकडे प्रत्येक गावात एक माणूस आधीपासून आहे तिलाच हे नव्वद दिवसांत जमणार. कॅथलिक पक्षाकडे तसा माणूस होता, आणि तो होता गावचा पाद्री. पुढच्या दशकातल्या पुष्कळ निकालांची किल्ली मला इथे सापडते.

पहिले असे मतदान २३ मे १८७५ रोजी झाले, दोन कायद्यांवर. जन्म-मृत्यूची नोंद आणि विवाह चर्चकडून काढून सरकारकडे देणारा कायदा २,१३,१९९ विरुद्ध २,०५,०६९ असा निसटता वाचला. त्याच दिवशी मतदानाच्या हक्काचा कायदा २,०२,५८३ विरुद्ध २,०७,२६३ असा पडला. एकाच मतदाराने एकाच दिवशी एक स्वीकारला आणि दुसरा नाकारला, म्हणजे लोक आंधळेपणाने शिक्का मारत नव्हते. या दुसऱ्या कायद्याचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. दिवाळखोर, गरीबनिधीवर जगणारे, परगावाहून नुकते आलेले यांना मत द्यावे की नाही याबाबत प्रत्येक कॅन्टनचा नियम वेगळा होता आणि केंद्राला तो एकसारखा करायचा होता. १८७७ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा लोकांनी नाकारला. मत कोणाला हे ठरवण्याचा प्रश्न ज्यांना मत होते त्यांच्यापुढेच ठेवला, तर दुसरे काय होणार? बायकांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क मिळायला १९७१ उजाडले, तेही पुरुषांच्याच सार्वमताने.

१८७७ चा कारखाना कायदा हे त्या काळातले ठळक अपवादाचे उदाहरण. कामाचा दिवस अकरा तासांचा, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, रात्रपाळीवर निर्बंध. ग्लारुसने १८६४ मध्ये बारा तासांची मर्यादा घातली होती. तिचाच हा पुढचा टप्पा. गिरणीमालकांनी सह्या गोळा केल्या आणि लोकांनी १,८१,२०४ विरुद्ध १,७०,८५७ मतांनी कायदा राखला. सार्वमत म्हणजे नेहमीच सुधारणेचा गळा, असे म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो. उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे: १८७४ च्या घटनेने रद्द केलेली फाशीची शिक्षा १८७९ मध्ये लोकांनी ५२.५ टक्के मतांनी पुन्हा कॅन्टनांच्या मर्जीवर सोडली.

तरीही एकूण कल नकाराचाच होता. १८७५ ते १८८४ या काळात नागरिकांच्या मागणीवरून चौदा विषय मतास आले आणि त्यांतले अकरा पडले. बँकनोटांचा कायदा पडला, सैन्यातून सूट घेणाऱ्यांवरचा कर दोनदा पडला. देवीची लस सक्तीची करणारा साथरोग कायदा ३० जुलै १८८२ रोजी ६८,०२७ विरुद्ध २,५४,३४० अशा प्रचंड फरकाने पडला. पाचांत जवळजवळ चार जण विरोधात.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला शाळांचा प्रश्न आला, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. १८७४ च्या घटनेने प्राथमिक शिक्षण सक्तीचे, मोफत आणि सरकारी देखरेखीखालचे ठरवले होते, पण ते कॅन्टनांनी पाळले की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. संसदेने फक्त एवढेच ठरवले की गृहखात्यात शिक्षणासाठी एक सचिव नेमावा आणि त्याने माहिती गोळा करावी. एक सचिव. परंतु खात्याचे प्रमुख कार्ल शेंक यांचे एक टिपण बाहेर फुटले आणि शाळांतून धर्म हद्दपार करण्याचा डाव आहे असा बोभाटा झाला. विरोधकांनी त्या बिचाऱ्या न नेमलेल्या सचिवाला ‘शूलफोग्ट’ असे नाव दिले. फोग्ट म्हणजे परक्या धन्याने नेमलेला मुलखाचा अंमलदार. विल्यम टेलच्या कथेतला, खांबावर टोपी टांगून तिला मुजरा करायला लावणारा गेसलर हा फोग्टच होता. स्विस कानाला तो शब्द आपल्याकडच्या गावात कोणाला ‘मोगलाई’ म्हटल्यावर वाटेल तसा लागला. तीस हजार सह्यांची गरज असताना सुमारे १,८०,००० सह्या जमल्या. कॅथलिकांबरोबर श्रद्धाळू प्रॉटेस्टंटही उभे राहिले. शंभरांतल्या शहात्तर मतदारांनी मत दिले, आणि निकाल १,७२,०१० विरुद्ध ३,१८,१३९ लागला. तो दिवस संत कोनराड यांचा होता, म्हणून कॅथलिकांच्या आठवणीत तो कोनराडचा दिवस म्हणूनच राहिला.

११ मे १८८४ चे मतदान तर विनोदीच म्हणावे लागेल. चार किरकोळ विषय एकाच दिवशी: न्यायखात्याची रचना, फिरत्या व्यापारी प्रतिनिधींवरची फी, फौजदारी कायद्याला एक पुरवणी, आणि वॉशिंग्टनमधल्या वकिलातीच्या कचेरीखर्चासाठी दहा हजार फ्रँक. फौजदारी पुरवणी तेवढी महत्त्वाची होती. तिचा उगम तिचिनोमधल्या स्टाबिओ गावच्या १८७६ च्या राजकीय गोळीबारात होता. पण दहा हजार फ्रँकांसाठी अख्ख्या देशाने रविवारी मतपेटीकडे जायचे! विरोधकांनी या चौघांना मिळून ‘चार वशिंडांचा उंट’ म्हटले आणि लोकांनी चारही वशिंडे उतरवली. वॉशिंग्टनच्या कचेरीशी कोणाचे वैर नव्हते. सरकारला चिमटा काढायचा होता, आणि हाताशी तेच होते.

आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. माझ्या मते स्विस सार्वमताचा मोठा परिणाम मतपेटीत कमी आणि मतपेटीच्या आधी अधिक झाला. सत्तेवर एकच पक्ष होता. सात जणांच्या संघीय मंत्रिमंडळात १८४८ पासून एकूण एक मंत्री रॅडिकल गटांचा. १८४७ मध्ये हरलेल्यांना सरकारमध्ये जागा नव्हती आणि निवडणुकीने ती मिळण्याचीही शक्यता नव्हती. पण तीस हजार सह्यांनी ते कोणताही कायदा अडवू शकत होते, आणि असंतुष्ट असा दुसरा कोणताही गट सोबत मिळाला की पाडूही शकत होते. असे दहा-पंधरा वर्षे चालल्यावर रॅडिकलांना कळून चुकले की यांना बाहेर ठेवून राज्य चालणार नाही.

कळण्याचा क्षण ६ डिसेंबर १८९१ चा. सेंट्रल रेल्वे ही खासगी स्विस कंपनी सरकारने विकत घ्यावी हा प्रस्ताव १,३०,७२९ विरुद्ध २,८९,४०६ मतांनी पडला. त्यामागे असलेले मंत्री एमिल व्हेल्टी यांनी ताबडतोब राजीनामा दिला. खरे तर स्विस प्रथेप्रमाणे सार्वमतात हरल्यावर मंत्र्याने जायचे नसते. कायदा पडतो, माणूस राहतो. व्हेल्टी गेले हा अपवाद. त्यांच्या रिकाम्या जागेवर त्याच डिसेंबरमध्ये संसदेने ल्युसर्नचे योझेफ झेम्प यांना निवडले. झेम्प कॅथलिक कॉन्झर्व्हेटिव्ह, झोंडरबुंडच्या पक्षाचे वारस. युद्धात हरलेल्यांना सरकारात पहिली खुर्ची मिळायला चव्वेचाळीस वर्षे लागली आणि ती मिळवून दिली ती या नकारांच्या मालिकेने. पुढे त्यांच्याकडेच रेल्वे खाते आले, आणि २० फेब्रुवारी १८९८ रोजी मोठ्या खासगी रेल्वे कंपन्या विकत घेण्याचा कायदा ३,८६,६३४ विरुद्ध १,८२,७१८ मतांनी मंजूर झाला. सहा वर्षांपूर्वी पडलेलीच दिशा. या वेळी विरोधी पक्षाचा माणूस ती पुढे नेत होता.

त्याच १८९१ मध्ये नागरिकांना आणखी एक हक्क मिळाला: पन्नास हजार सह्यांनिशी घटनादुरुस्तीचा मजकूर स्वतः मांडण्याचा. पहिला वापर कशासाठी झाला, हे सांगताना मला दरवेळी अवघडल्यासारखे होते. बर्न आणि आरगाउमधल्या प्राणिरक्षक संस्थांच्या पुढाकाराने, जनावर आधी बेशुद्ध केल्याखेरीज कापण्यास बंदी घालणारे कलम मांडले गेले. भाषा प्राणिदयेची होती, घाव ज्यूंच्या धार्मिक रीतीवर होता, आणि प्रचारात ज्यूद्वेष पुरेपूर होता. संसदेने नाकारण्याचा सल्ला दिला. २० ऑगस्ट १८९३ रोजी ते १,९१,५२७ विरुद्ध १,२७,१०१ मतांनी मंजूर झाले; फ्रेंच आणि इटालियनभाषक भागाने ते नाकारले होते. कॅन्टनांत साडेअकरा विरुद्ध साडेदहा. एक पूर्ण कॅन्टन दुसऱ्या बाजूला गेला असता तर ते पडले असते. ते कलम १९७३ पर्यंत राज्यघटनेत होते. दुहेरी बहुमत अल्पसंख्याकांचे रक्षण करते असे सरसकट म्हटले जाते, पण ते अशाच अल्पसंख्याकांचे रक्षण करते ज्यांच्याकडे स्वतःचा कॅन्टन आहे. कॅथलिकांकडे होते. एंडिंगेन आणि लेंगनाउच्या लोकांकडे दोन गावे होती, आणि तीही दुसऱ्याच्या कॅन्टनमध्ये.

घटक राज्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर कॅनडाशी ताडून पाहिले की जास्त स्पष्ट होते. २९ सप्टेंबर १८९८ रोजी, म्हणजे स्विस रेल्वेच्या मतदानानंतर सात महिन्यांनी, पंतप्रधान विल्फ्रेड लॉरिए यांच्या सरकारने दारूबंदीवर देशभर मत घेतले. २,७८,३८० बाजूने, २,६४,६९३ विरोधात. क्वेबेक सोडून प्रत्येक प्रांताने बंदीच्या बाजूने कौल दिला, आणि क्वेबेकने ती जबरदस्त बहुमताने नाकारली. निकाल बंधनकारक नव्हता. कोणाचे बहुमत मोजायचे याचाही नियम नव्हता: नागरिकांचे, प्रांतांचे, की दोन्हींचे? स्विस पद्धतीने मोजले असते तर दोन्ही मोजण्यांत बंदी पास झाली असती. पण लॉरिए स्वतः क्वेबेकचे, त्यांच्या पक्षाचा मोठा आधार क्वेबेकमध्ये. त्यांनी तिसरीच मोजणी काढली. मतदार यादीतल्या एकूण नावांशी तुलना केली तर बंदी मागणाऱ्यांचे प्रमाण एक चतुर्थांशाहूनही कमी भरते, एवढ्या आधारावर कायदा करता येणार नाही, असे सांगून त्यांनी विषय मिटवला. १८०२ मध्ये हेल्व्हेटिक सरकारने घरी बसलेल्यांना होकारात धरले होते. १८९८ मध्ये लॉरिए यांनी त्यांना नकारात धरले.